टाकीजवळचा लाल ठिपका

भरतेश मगदूमला बोरथळात कुणी सर म्हणत नसे. त्याला सगळे 'पीएचडी' म्हणत. पदवी अजून मिळायची होती, पण गावाला कुठं धीर असतो? सकाळी डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभा राहिला की कुणीतरी विचारणारच, "काय पीएचडी, झाली का?" आणि हा मान खाली घालून म्हणणार, "होत आली." ही होत आलेली पीएचडी इतकी लांबली की हा तिच्या मागे लागला तेव्हा त्याच्या वर्गमित्राचं, नानासोचं, लग्न नुकतंच झालेलं होतं, आणि आता नानासोचा पोरगा दाढी करायला लागला होता.

तसा माणूस गरीब. इस्लामपूरजवळच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाची जाळी शिकवायचा. लेकीच्या शाळेसाठी बायको आणि लेक सांगलीला. हा आईजवळ, गावात. रोज मोटारसायकलवरून जायचं, यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एक खोड होती. हातात माईक आला की या गरीब माणसाच्या अंगात काहीतरी संचारायचं. चार डोकी हसली की त्याला पाचवं डोकं हसवायचं असायचं. वर्गात ते खपून जाई. पोरं टाळ्या वाजवत आणि विसरत.

अभ्यासाचा विषय त्यानं उगाच उचलला नव्हता. कृष्णेचं पाणी चावडीपर्यंत आलं त्या साली फोनचा टॉवर बंद पडला होता. आई शाळेच्या माडीवर आणि हा इस्लामपुरात अडकलेला. ती जिवंत आहे एवढं कळायलाही किती दिवस गेले. त्या दिवसांत त्याच्या डोक्यात बसलं, की टॉवर नसला तरी फोन तर असतात! एकानं दुसऱ्याच्या हाती निरोप द्यावा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. मध्ये कुणी मालक नको, मुख्य यंत्र नको. प्रत्येकानं आपला निरोप पाठवायचा आणि दुसऱ्याचा वाहायचा. अशा बरोबरीच्या जाळ्यात शेजारही वेगळाच लागतो. मळ्यातल्या बिराप्पाचा फोन आणि वेशीपाशी राहणाऱ्या मास्तरांचा फोन इथं सख्खे शेजारी होतात, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांची ओळखही नसते. खालचे रस्ते कुठून कसेही जावोत, हे त्यांच्यावर अंथरलेलं दुसरंच गाव. भरतेश त्या दुसऱ्या गावात रमला होता. पहिल्या गावात आपण काय बोलतो याचं भान मग थोडं सुटतंच.

आषाढात त्यानं घरोघर फिरून चाळीसेक जणांच्या फोनमध्ये आपलं ॲप घातलं. लोकांना त्यातलं काही कळलं नाही, पण पीएचडीचं काम अडू नये म्हणून कुणी नाही म्हणालं नाही. श्रावणात एका रविवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लावून तो महिन्याभराचा निकाल दाखवायला उभा राहिला. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अंजनाकाकी बसली होती. रानातून तशीच आली होती, खुरपं मांडीशी ठेवलेलं. भरतेशचा कार्यक्रम म्हटल्यावर तिला मागे बसून कसं चालेल?

अंजनाकाकी म्हणजे पाण्याच्या टाकीजवळच्या घरातली. नवरा गेलेला, एकुलता शिवतेज फौजेत, कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरात. भरतेशच्या आईची, राजमतीआक्काची, पैऱ्यातली जोडीदारीण. गावातल्या बायका अजून पैरा करतात. आज तुझ्या रानात आम्ही सगळ्या, उद्या माझ्या रानात तू. मजुरीचा विषय नाही. कोण कुणाकडं किती वेळा आली हे कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. भरतेशचा बाप लवकर गेला, तेव्हा राजमतीची दोन एकरं याच पैऱ्यावर तगली. लहानपणी आईला रानातून यायला उशीर झाला की अंजनाकाकी त्याला हाक मारून घरात घ्यायची. जैनाचं पोर, दिवस बुडायच्या आत त्याच्या पोटात पडलं पाहिजे, हे तिच्या पक्कं ध्यानात. तिच्या घरात मटण शिजायचं, म्हणून याच्यापुरता तिनं वेगळा तवा ठेवला होता. भाकरी आणि मुगाची उसळ. खाऊन झालं की त्याची खरकटी बोटं एकेक करून पदरानं पुसायची आणि म्हणायची, "पळ आता."

तर रविवारी भरतेशनं सुरुवात झकास केली. बरोबरीचं जाळं म्हणजे काय, हे सांगताना त्याला ऐनवेळी सुचलं. "हे म्हणजे आपला पैराच हो! आज मी तुमचा निरोप पोचवायचा, उद्या तुम्ही माझा!" हॉलमधल्या बायकांच्या माना एकदम हलल्या. इतका वेळ जे डोक्यावरून जात होतं ते पदरात पडलं. लोक खूश झाले आणि हा चढला.

मग त्यानं गावाचा नकाशा दाखवला. जो फोन घेतो आणि देतो, तो हिरवा ठिपका. जो कमी देतो, तो पिवळा. आणि नकाशाच्या टोकाला एकच एक लालभडक ठिपका.

"आणि हा बघा," भरतेश काठीनं दाखवत म्हणाला, "हा महिनाभर सगळ्यांचे निरोप आरामात घेत बसला आणि दुसऱ्याचा एकसुद्धा पुढं पोचवला नाही. आमच्या अभ्यासात याला फुकट्या म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, पैरा बुडवणारा!"

हॉल खदखदून हसला. अंजनाकाकीही हसली. भरतेशला ते अजून आठवतं, ती पदर तोंडाला लावून हसली होती.

मागून नानासो ओरडला, "आरं, ते टाकीपाशी हाय की! टाकीपाशी तर एकच घर हाय. काकू, तुमचंच की वो हे!"

पुन्हा हशा झाला. मग माना वळल्या. काकीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यातलं हसणं निघून गेलं. तिनं पडद्याकडं पाहिलं आणि मग भरतेशकडं.

तिथं त्याला सावरता आलं असतं. यंत्र आहे, चूक असेल, तपासून सांगतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण हातात माईक होता. हा गालात हसला आणि म्हणाला, "नावं नकोत, नावं नकोत. अभ्यासात नावं घेत नसतात."

म्हणजे नाव पक्कंच केलं. काकीनं खुरपं उचललं आणि चहाला न थांबता गेली. भरतेशला वाटलं, जनावरांच्या धारेची वेळ झाली असेल.

सोमवारी सकाळी राजमतीआक्का आपल्या सोयाबीनच्या रानात पोचली, तर अंजना आधीच वाकून गवत भांगलत होती. आक्का म्हणाली, "आगं, आज माझी पाळी कुठं हाय? आज बनुबाईकडं जायाचं ठरलंय न्हवं?" अंजना भांगलतच राहिली. दिवसभर एकटीनं, पाणीसुद्धा न मागता, तिनं दोघींचं काम ओढलं. उन्हं कलली तशी खुरपं पुसत म्हणाली, "आक्का, तुमचा एक दिवस माझ्यावर हुता. फिटला. आता नगं." आणि बांधावरून निघून गेली.

हे ऐकायला साधं वाटेल. पण जाणती बाई पैरा पुरता कधी फेडत नाही. एखादा दिवस इकडं, एखादा तिकडं असा राहू देते. तेवढ्या धाग्यावर येणंजाणं चालू राहतं. दिवस फेडून वर 'आता नगं' म्हणायचं म्हणजे दार लावून घेणं. पस्तीस वर्षांत या दोघींचा पैरा कधी फिटला नव्हता.

संध्याकाळी भरतेश आला तेव्हा आईनं ताट वाढलं आणि पाठ करून बसली. त्यानं दोनदा विचारलं तेव्हा कुठं बोलली. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "गावात पोरंबी म्हणाय लागल्यात, पैराबुडवी म्हणून. ज्या बाईनं तुला वाढवलं तिला."

"आई, मी नाव नव्हतं घेतलं."

"न्हाई घेतलंस. हसलास तेवढा."

खरं म्हणजे तेव्हाही त्याला पुरती लाज वाटली नव्हती. वाईट वाटलं, अवघडल्यासारखं झालं. पण मनाच्या तळाशी एक शहाणा बसला होता, तो म्हणत होता, आकडे काही खोटं बोलत नाहीत. काकीनं ॲप मुद्दाम बंद ठेवलं असेल, म्हाताऱ्या माणसांचं असतं असं काहीतरी. पोटभर शिकलेल्या माणसाच्या मनात असला शहाणा कायम मुक्कामाला असतो.

मंगळवारी सकाळी आईचा फोन वाजला. ती गोठ्यात होती, म्हणून भरतेशनं उचलला. शिवतेज होता. आवाज तुटत तुटत येत होता.

"कोण, दादा व्हय? नमस्कार दादा. आवं, आई फोन का उचलंना? मघापास्नं बंदच लागतुया. बरी हाय न्हवं?"

"बरी आहे रे. काल आमच्याच रानात होती."

"मग ठीक हाय. मला वाटलं, परत बॅटरी गेली जनू. पर तसं व्हायचं न्हाई म्हणा. दादा, तुमी लय बेस काम केलंत बघा. आई सांगत हुती, भरतेशनं काय तरी शिटिंग करून दिलं, आता दिसभर बॅटरी टिकती, तुझा फोन कवाबी आला तरी लागतो. हितं आमाला पंधरा दिसातनं एकदा लायनीत उभं ऱ्हाऊन फोन मिळतो. तवाच तिचा बंद लागला की जीव निस्ता… असो. लय उपकार झालं, दादा."

भरतेशला सगळं लख्ख आठवलं. आषाढातली दुपार, काकीचा ओटा. शिवतेजचा जुना फोन तिनं चंचीतून काढून दिला होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, "तुझं काय ते घाल बाबा, पर बॅटरी संपली न्हाई पायजे. पोराचा फोन कवा यील सांगता येत न्हाई." जुनी बॅटरी, ॲप आत चालू राहिलं तर दुपारपर्यंत टिकली नसती. तेव्हा यानंच, याच बोटानं, ॲपला मागे चालू राहायची परवानगी काढून टाकली होती. वर म्हणाला होता, "काही काळजी करू नका काकी, बाकीचं मी बघतो." मग तिथंच ओट्यावर चहा प्याला, पुढच्या घरी गेला आणि विसरला.

म्हणजे तिचा फोन दुसऱ्याचे निरोप वाहणार कसा? वाहायची सोयच यानं बंद करून ठेवली होती. रोज संध्याकाळी ती सांगितल्याप्रमाणे ॲप उघडत होती, तेवढ्यात साठलेले निरोप येऊन पडत होते. घेणं चालू होतं, देणं बंद होतं. लाल ठिपका काकीचा नव्हताच. तो यानं आपल्या हातानं लावला होता आणि चारचौघांत काठीनं दाखवला होता.

"दादा? दादा, ऐकू येतंय का?"

"येतंय," भरतेश म्हणाला. "तू काळजी करू नको. फोन चालू होईल."

त्या दिवशी त्यानं कॉलेजला दांडी मारली. आधी गावाच्या ग्रुपवर मेसेज लिहायला घेतला. तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी, असं काहीबाही लिहिलं आणि आपलंच वाचून त्याला किळस आली. पुसलं. मग आईकडं गेला, शिवतेजचा फोन आणि बाकीचं सगळं सांगितलं. "तू एकदा काकीच्या कानावर घाल ना," म्हणून अजिजीनं म्हणाला.

राजमतीआक्का शेण काढत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "सगळ्यांच्या म्होरं बोललास. आता मला मागच्या दारानं धाडतूस व्हय?"

बायका त्या दिवशी अंजनाच्याच भुईमुगात होत्या. ओळीनं वाकलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात तिच्या वाट्याची ओळ, तिची पात. मधली एक पात मोकळी होती. ती राजमतीआक्काची जागा, पस्तीस वर्षांची. कुणी धरली नव्हती. भरतेशनं गाडी बांधाला लावली, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याचा तो अवतार बघून दोघी-तिघी फिसकन हसल्या. बनुबाई म्हणाली, "काय पीएचडी, हितं कुठला फोन बघाय आलासा?"

माईक नव्हता. कसाबसा म्हणाला, "रविवारी मी जे दाखवलं, ते चूक होतं. काकींनी काही केलं नव्हतं. शिवतेजचा फोन लागावा म्हणून मीच त्यांच्या फोनमधलं ते बंद करून दिलं होतं. मी. आणि विसरलो. आणि मग त्यांनाच…" पुढचा शब्द त्याला घेता आला नाही. "माझं चुकलं. तुमच्या सगळ्यांच्या देखत सांगतोय."

खुरपी थांबली. बनुबाई म्हणाली, "मग तवाच तपासायचं की रं गड्या, सांगायच्या आधी." तिनं चेष्टा केली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

अंजनाकाकीचं खुरपं तेवढं चालू होतं. पातीच्या कडेचं गवत तिनं मुळासकट काढलं, माती झटकली, बाजूला टाकलं. मग म्हणाली, "फोनचं ऱ्हाऊ दे. मशीन हाय, चुकतंय. पर मला एक सांग. टाकीपाशी माझंच घर हाय, हे तुला ठावं हुतं न्हवं?"

"होतं."

"मग ते लाल बघून तुला खरं वाटलं? एकदाबी मनात आलं न्हाई, अंजनाकाकी असं करंल व्हय म्हणून?"

भरतेश उन्हात उभा राहिला. आलं होतं म्हणून सांगता आलं असतं. माणूस अशा वेळी सांगतोच. पण त्याला आठवत होतं. आठवडाभर आधीच, नकाशा तयार करताना, त्यानं तो ठिपका पाहिला होता. कुणाचं घर ते ओळखलंही होतं. आणि त्याला आनंद झाला होता, की चला, दाखवायला एक ठसठशीत उदाहरण मिळालं.

"नाही आलं, काकी," तो म्हणाला.

"हां," ती म्हणाली आणि खुरपं पुढं सरकलं.

इतर बायकाही कामाला लागल्या. त्याला कुणी बस म्हणालं नाही की जा म्हणालं नाही. थोड्या वेळानं तो मुकाट्यानं आईच्या मोकळ्या पातीत जाऊन बसला. बनुबाईनं कमरेचं जादा खुरपं त्याच्याकडं टाकलं. पोरपणी केलेलं काम हात विसरून गेले होते. गवताबरोबर भुईमूगही उपटून येत होता, मांड्या भरून आल्या, घाम डोळ्यात उतरला. बायका बघता बघता पुढं गेल्या आणि हा एकटा मागे राहिला. तेच बरं वाटत होतं. निदान तोंड कुणाला दिसत नव्हतं.

पैऱ्यातली एक रीत त्याच्या ध्यानातून गेली होती. जिची पात आधी होते ती बांधावर बसून राहत नाही. मागे पडलेलीची पात पुढच्या टोकानं धरते आणि तिच्याकडं सरकत येते. बऱ्याच वेळानं त्याला समोरून खुरप्याचा आवाज ऐकू आला. बनुबाई असेल म्हणून त्यानं मान वर केली.

अंजनाकाकी होती. आपली पात संपवून त्याची उरलेली पात साफ करत ती त्याच्यासमोर येऊन ठेपली होती. त्यानं उपटलेला एक भुईमूग तिनं उचलला, परत मातीत रोवला, बोटांनी दाबला.

"अर्धी पात माझी गेली तुझ्यात," ती म्हणाली. "आक्काला म्हणावं, उद्या फेडाय ये."

भरतेशनं मान हलवली.

काकीनं चंचीतून फोन काढून त्याच्यापुढं धरला. रविवारी हॉलमधून आल्यापासून तिनं तो बंदच करून ठेवला होता. "हे चालू कर. आन तुझं ते बंद केल्यालं बी चालू कर."

"काकी, नको. बॅटरी टिकायची नाही. शिवतेजचा फोन…"

"त्यो आक्काच्या फोनवर करंल. आज केलाच न्हवं? मघाशी सांगून गेली आक्का बांधावरनं." ती सहज म्हणाली. "उद्या कुणी म्हणाय नगं, अंजनाचा फोन दुसऱ्याचं वझं वाहत न्हाई."

त्यानं फोन चालू केला. काचेवर फौजी टोपीतला शिवतेज उजळला. भरतेशचं बोट चिखलानं माखलेलं होतं, काच काही ते मानेना. त्यानं पँटला बोट पुसलं, पँटही तसलीच. तो पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

"आण हिकडं," काकी म्हणाली. तिनं त्याचा हात ओढला, पदराचं टोक घेतलं आणि चाळीशी उलटलेल्या त्या माणसाचं बोट स्वच्छ पुसून दिलं.

"हां. दाब आता."

भरतेशनं दाबलं. वर बघायचं मात्र त्याला काही केल्या जमलं नाही.